रोजच्या तीस किलोमीटरसाठी इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेताना

लीजच्या कोटेशनवर मासिक भाडं सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. आधी हाताशी हवं ते तुमचं स्वतःचं महिन्याचं रनिंग. ते माहीत नसेल तर कोणतंही कोटेशन स्वस्त की महाग हे कळायला मार्गच नाही. जवळच्या अंतराच्या गाडीत तर सगळा हिशेब त्याच एका आकड्यावर फिरतो, कारण न चालवलेल्या किलोमीटरचे पैसेही तुम्हीच भरत असता.

रनिंग काढा, अंदाज नको

सध्याच्या गाडीचं किंवा स्कूटरचं मीटर एक तारखेला आणि पुढच्या एक तारखेला टिपून ठेवा, असं दोन महिने करा. गाडी नसेल तर गूगल मॅप्सवर घर ते ऑफिस हे अंतर सकाळी नऊच्या रस्त्याने मोजा. पूल बंद, एकेरी मार्ग, शाळेचा वळसा हे सगळं त्यात आलं पाहिजे.

उदाहरण घेऊ. जायला १४ आणि यायला १४ असे दिवसाला २८ किलोमीटर. महिन्याचे २२ दिवस धरले तर ६१६. शनिवार-रविवारची बाजारहाट आणि नातेवाईक मिळून आणखी सव्वाशे-दीडशे. म्हणजे महिन्याला ७५० आणि वर्षाला ९,००० किलोमीटर. पुढचे सगळे हिशेब याच माणसासाठी आहेत; तुम्ही तुमचे आकडे घाला.

गावाला जाणं यात धरू नका. वर्षातून चार वेळा कोकणात किंवा सोलापूरला जायचं असेल तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी घ्या. त्या चार फेऱ्यांसाठी मोठ्या बॅटरीची गाडी तीन वर्षं लीजवर ठेवणं हा या प्रकारातला सगळ्यात महागडा हौसेचा खर्च आहे.

'लीज' या एका शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार

पहिला, कंपनी लीज. लीज कंपनी गाडी तुमच्या मालकाच्या, म्हणजे एम्प्लॉयरच्या नावे भाड्याने देते आणि भाडं तुमच्या पगारातून करापूर्वी कापलं जातं. दुसरा, वैयक्तिक लीज किंवा सबस्क्रिप्शन. यात करार थेट तुमच्याशी होतो, मुदत साधारण एक ते पाच वर्षं, आणि भाड्यात बहुधा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग धरलेलं असतं. तिसरा प्रकार बॅटरी भाड्याचा. गाडी तुम्ही विकत घेता, बॅटरीचे पैसे मात्र किलोमीटरमागे भरत राहता. हा तिसरा प्रकार खरं तर लीज नसून कर्जाचा भाऊ आहे, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

शोरूममध्ये तिन्हींना सर्रास 'लीज' म्हणतात. पहिला प्रश्न हाच विचारा: आरसीवर मालक म्हणून नाव कोणाचं येणार? तुमचं आलं तर ती बहुधा खरेदी असते. त्याचबरोबर नंबरप्लेटचंही विचारून घ्या. खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, व्यावसायिक नोंदणीला हिरव्यावर पिवळी. काही सबस्क्रिप्शनमध्ये गाडी व्यावसायिक नोंदणीची असते. सोसायटीच्या पार्किंगपासून राज्याबाहेरच्या करापर्यंत त्याचे परिणाम पुढे दिसतात.

बॅटरी किती मोठी हवी

एमजी कॉमेटची बॅटरी १७.३ किलोवॉट-तासांची, म्हणजे तितक्या युनिटची, आहे आणि कंपनीचा दावा २३० किलोमीटरचा. टाटा टियागो ईव्ही २०२२ मध्ये १९.२ आणि २४ अशा दोन बॅटऱ्यांत आली, तेव्हाचे दावे २५० आणि ३१५ किलोमीटर. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे असतात. एसी लावून, शहरातल्या रस्त्यावर, त्याच्या दोनतृतीयांश धरावेत. कॉमेटचे त्या हिशेबाने दीडशेच्या आसपास होतात.

आपल्या माणसाला दिवसाला २८ लागतात. म्हणजे सगळ्यात लहान बॅटरीसुद्धा चार-पाच दिवस पुरते. तेव्हा 'थोडेसे जास्त भरा आणि मोठी बॅटरी घ्या' या सल्ल्याला नकार द्या. ही जास्तीची बॅटरी तुम्ही रोज घेऊन फिराल, तिचं भाडं भराल, आणि करार संपल्यावर ती लीज कंपनीकडे परत जाईल.

कोटेशन वाचताना

कोटेशन तोंडी घेऊ नका. ईमेलवर मागवा आणि पुढच्या गोष्टी त्यात आहेत का पाहा.

भाडं जीएसटीसह की 'अधिक जीएसटी'? इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, आणि चालकाशिवाय गाडी भाड्याने दिली तर त्या भाड्यालाही वस्तूचाच दर लागतो. पण बऱ्याच कोटेशनमध्ये देखभाल आणि व्यवस्थापनाचा भाग वेगळा दाखवून त्यावर १८ टक्के लावलेले असतात. म्हणून ही फोड मागा. एकच ढोबळ आकडा दिला असेल तर तुलना करताच येत नाही.

किलोमीटरची मर्यादा वर्षाची की पूर्ण मुदतीची? पूर्ण मुदतीची असेल तर बरं. एका वर्षात जास्त झालेले पुढच्या वर्षी भरून निघतात. बहुतेक तयार कोटेशन १५,००० किंवा २०,००० वर बेतलेली असतात. आपल्याला लागतात ९,०००. तेव्हा १०,००० च्या मर्यादेचं कोटेशन मुद्दाम मागा. समजा त्याने भाडं महिन्याला १,००० रुपयांनी उतरलं, आणि जास्तीच्या किलोमीटरला ८ रुपये आकार आहे. वर्षाला १२,००० वाचले. ते वाया जायला तुम्हाला मर्यादेपेक्षा १,५०० किलोमीटर जास्त चालवावे लागतील. जवळच्या अंतराच्या माणसाचं तसं होत नाही.

देखभालीत टायर आहेत का? पंक्चर, वायपर, बारा व्होल्टची छोटी बॅटरी? ही छोटी बॅटरी लोक विसरतात. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते, पण गाडी सुरू व्हायला लागते ती बारा व्होल्टची, आणि कमी चालणाऱ्या, दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत तीच आधी बसते.

इन्शुरन्समध्ये झीरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची घसारा न कापता भरपाई) आहे का, आणि बॅटरी-मोटरचं संरक्षण वेगळं घेतलंय का? मुंबईत किंवा पुण्यात एकदा रस्त्यावर पाणी तुंबलं की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. साध्या पॉलिसीत पाण्यात गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर विम्याची रक्कम लीज कंपनीला मिळते. ती त्यांच्या येणे रकमेपेक्षा कमी पडली तर फरक कोण भरणार, हे करारात शोधा. 'रिटर्न टू इनव्हॉइस', म्हणजे गाडीच्या बिलाची किंमत भरून देणारं कलम, पॉलिसीत असेल तर ही भीती बरीच कमी होते.

ई-चलान. ट्रॅफिकचं चलान आरसीवरच्या मालकाला जातं, म्हणजे लीज कंपनीला. ती दंड भरून तुमच्याकडून वसूल करते, आणि अनेक करारांत वर हाताळणीचा आकार लावते. तो किती, हे आधी बघा.

आता बेरीज

खाली धरलेले आकडे उदाहरणासाठी आहेत. पद्धत मात्र हीच वापरा.

गाडी ऑन-रोड ८,५०,०००. लीज ३६ महिन्यांची, भाडं १९,५०० अधिक ५ टक्के, म्हणजे २०,४७५. इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग आत. परत मिळणारं डिपॉझिट ५०,०००. एकूण भाडं ७,३७,१०० होतं. डिपॉझिटवर बँकेत ७ टक्के मिळाले असते, ते तीन वर्षांचे १०,५००. लीजचा पूर्ण खर्च ७,४७,६००.

तीच गाडी विकत घेतली तर: डाऊन पेमेंट १,५०,०००, उरलेल्या सात लाखांचं ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज, हप्ता साधारण २२,२६०, एकूण ८,०१,३६०. डाऊन पेमेंटवर बुडालेलं व्याज ३१,५००. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा इन्शुरन्स ४७,०००, सर्व्हिसिंग १५,०००. बेरीज १०,४४,८६०. आता यातून तीन वर्षांनंतर गाडी विकून येणारी रक्कम वजा करायची.

सगळी मेख या वजाबाकीत आहे. गाडी ४,००,००० ला गेली तर खरेदीचा खर्च ६,४४,८६० राहतो, आणि लीज सुमारे १,०२,७४० रुपयांनी महाग पडते, महिन्याला अंदाजे २,८५०. गाडी २,९७,००० च्या आसपास गेली तर दोन्ही सारखे. त्याहून खाली गेली तर लीज घेणारा जिंकला.

म्हणून प्रत्येक कोटेशनमधून हा एक आकडा बाहेर काढा: कोणत्या फेरविक्री किमतीला लीज आणि खरेदी बरोबरीत येतात? मग त्याच मॉडेलच्या तीन वर्षं जुन्या गाड्या जुन्या गाड्यांच्या बाजारात काय भावाने मागितल्या जातात ते बघा, आणि मागितलेल्या किमतीतून दहा-पंधरा टक्के कमी करा. नव्या गाडीच्या किमती घसरत असतील तर जुन्याच्या आणखी घसरतात, आणि इलेक्ट्रिक गाड्यांत हे वारंवार झालं आहे. कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांपासून सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिची सुरुवात ६.९९ लाखांवर आली. पहिल्या वर्षी घेतलेल्यांची फेरविक्री किंमत त्या दिवशी घरबसल्या कमी झाली. लीज घेतल्याचं खरं समर्थन हेच: हा धोका दुसऱ्याच्या डोक्यावर जातो.

बॅटरी खराब होईल म्हणून लीज घेणं हे मात्र चुकीचं कारण आहे. आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी असेल, तर तीन वर्षांत २७,००० किलोमीटर चालवणाऱ्याला बॅटरीची भीती जवळजवळ नाहीच. त्या वॉरंटीचा उरलेला भाग लीज कंपनीला मिळतो, आणि फेरविक्रीत तिला त्याचे पैसे येतात.

एक भागाकारही करून ठेवा. ७,४७,६०० भागिले २७,००० किलोमीटर: विजेआधीच किलोमीटरला २७.७० रुपये. तेच भाडं भरून कोणी ४५,००० किलोमीटर चालवले तर १६.६०. इतकं कमी चालणाऱ्याने रिक्षा आणि मेट्रोच्या पासाचा हिशेबही शेजारी मांडावा.

बॅटरी भाड्याचं गणित

सप्टेंबर २०२४ मध्ये कॉमेट ४.९९ लाख अधिक किलोमीटरला २.५० रुपये या योजनेत आली, तेव्हा बॅटरीसकट ती ६.९९ लाखांपासून होती. फरक दोन लाखांचा. किलोमीटरला अडीच रुपयांनी दोन लाख भरायला ८०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ७५० चालवणाऱ्याला जवळजवळ नऊ वर्षं. ऐकायला सुरेख.

आता करारात 'किमान किलोमीटर' हे कलम शोधा. वित्तपुरवठा करणाऱ्या संस्थेप्रमाणे ते बदलतं. महिन्याला किमान १,५०० किलोमीटरचे पैसे भरायची अट असेल, तर तुम्ही ७५० चालवा की शंभर, ३,७५० रुपये जाणारच. तुम्हाला किलोमीटर ५ रुपयांना पडला, आणि दोन लाख नऊ वर्षांऐवजी ५३ महिन्यांत भरून झाले. त्यानंतरही बॅटरी तुमची झाली का? पैसे किती वर्षं भरायचे, शेवटी मालकी कधी येते, मध्येच गाडी विकायची झाली तर बॅटरीचा करार नव्या मालकाच्या नावावर होतो का: या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर ही योजना घेऊ नका. जवळच्या अंतरासाठी किमान अट नसलेला करारच कामाचा.

कंपनीतून घेताना

वरच्या उदाहरणात लीज महिन्याला २,८५० ने महाग होती. कंपनी लीजमध्ये हे चित्र उलटू शकतं. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह ३१.२ टक्के. २०,४७५ करापूर्वी कापले गेले, म्हणजे ६,३८८ चा कर वाचला. पण गाडीच्या खासगी वापराची सवलत म्हणून ठरावीक रक्कम, पर्क्विझिट, तुमच्या उत्पन्नात धरली जाते. ती महिन्याला ५,००० धरली गेली तर तिच्यावर १,५६० कर. उरला ४,८२८ फायदा; त्यातून २,८५० गेले तरी महिन्याला जवळजवळ दोन हजार हातात. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हाच मार्ग परवडत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा जुन्या लेखांतले पर्क्विझिटचे आकडे वापरू नका. तुमच्या पेरोल विभागाकडून यंदाचा आकडा ईमेलवर घ्या. आणि इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची वजावट मिळते असं कोणी सांगितलं, तर ती फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती.

कंपनी लीजची दुखरी जागा म्हणजे नोकरी सोडणं. तीन वाटा असतात: नव्या कंपनीकडे लीज वर्ग करणं, उरलेली रक्कम भरून गाडी घेणं, किंवा दंड भरून परत करणं. पहिली वाट नव्या कंपनीचा त्याच लीज कंपनीशी करार असेल तरच खुली. तेव्हा दंडाचा आकडा आजच काढा. चौदा महिन्यांनी सोडलं तर २२ भाडी उरतात, ४,५०,४५० रुपये. दंड उरलेल्या भाड्याच्या ४० टक्के असेल तर १,८०,१८०. ही रक्कम शेवटच्या पगारातून आणि रजेच्या पैशातून वळती होते. वर्षा-दीड वर्षात नोकरी बदलायचा विचार असेल तर दंडाची टक्केवारी हाच निर्णय.

बदली होण्याचा संभव असेल तर आणखी एक. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की तिथे नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र मालकाने, म्हणजे लीज कंपनीने, काढून द्यावं लागतं. पुण्याहून बंगळुरूला किंवा पणजीला जाणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं. अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना २०२५ च्या ऑगस्टपासून टोल नाही. नवी मुंबईतून शिवडीला रोज येणाऱ्यांसाठी ही मोठी रक्कम आहे, पण फास्टॅग लीज कंपनीच्या नावे असेल तर चुकून टोल कापला गेल्यास तक्रार कोणी करायची ते विचारून ठेवा.

सही करण्याआधी प्लग

भाडं डिलिव्हरीच्या दिवसापासून सुरू होतं, चार्जिंगच्या सोयीच्या दिवसापासून नाही. म्हणून सोसायटीचं पत्र आणि वायरिंग आधी.

२८ किलोमीटरला भिंतीतून साडेतीन युनिट लागतात. भिंतीतली वीज आणि बॅटरीत पोचलेली वीज यांत दहा-पंधरा टक्क्यांची गळती असते, ती यात धरली आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जवळपास तीन युनिट मिळतात. म्हणजे रोजचं चार्जिंग सव्वा तासात उरकतं. त्यासाठी भिंतीवरचा मोठा चार्जर लागत नाही. पण तो सॉकेट मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरवर, स्वतःच्या एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आणि चांगल्या अर्थिंगवर हवा. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारतो, आणि लोक गाडीत दोष शोधत बसतात. गिझरच्या जुन्या सॉकेटमधून एक्स्टेंशन बोर्ड ओढून चार्जिंग करू नका. तासभर सलग तेरा-चौदा अँपिअर वाहिले की बोर्डाची पिन वितळते.

वीजबिलावर 'मंजूर भार' बघा. दोन किलोवॉट असेल तर वाढवून घ्यावा लागेल. महिन्याला ७५० किलोमीटरचे साधारण ९५ युनिट होतात, आणि ते तुमच्या बिलाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात. तेव्हा हिशेबाला सरासरी दर नको, शेवटच्या टप्प्याचा दर घ्या. तो खूपच चढा असेल तर गाडीसाठी वेगळं मीटर घेण्याचा पर्याय तपासा.

डिलिव्हरी आणि परती

गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी फोटो काढा: चारही रिम, चारही दारांच्या कडा, चार्जिंगचं झाकण, आणि वाकून पुढच्या बंपरच्या खालची कड. पोर्टेबल चार्जरचा सिरीयल नंबर, दोन चाव्या, पंक्चर किट यांची नोंद डिलिव्हरी चलनावर करून सही घ्या. हे फोटो त्याच दिवशी लीज कंपनीला ईमेलने पाठवा. फोनमधल्या फोटोपेक्षा ईमेलची तारीख जास्त उपयोगी पडते.

परतीच्या तपासणीत गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहतात. बॅटरीच्या पेटीवर स्पीडब्रेकरचा खोल ओरखडा किंवा पोचा दिसला तर तो बंपरच्या ओरखड्यासारखा सोडून दिला जात नाही. अख्ख्या पेटीचा खर्च मागितला जाऊ शकतो. म्हणून वाहनाचा तळ घासला गेला की लगेच सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि इन्शुरन्स चालू असतानाच क्लेम करा. करार संपायच्या दोन महिने आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल घ्या, आणि पोचे-ओरखडे बाहेर स्वस्तात दुरुस्त करून घ्यायला करारात परवानगी आहे का ते बघा.

गाडी ठेवून घ्यायची असेल तर शेवटची किंमत रुपयांत करारातच लिहून घ्या, 'बाजारभावाने' हे शब्द मान्य करू नका. २०२५ च्या जानेवारीपासून कंपन्यांनी विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या नफ्याच्या भागावर १८ टक्के जीएसटी आहे, तो त्या किमतीत धरला आहे का हेही तिथेच स्पष्ट करा. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत येणार, त्या दिवसांचा आकडा रिकाम्या जागेत भरलेला नसेल तर तो भरल्याशिवाय सही करू नका.